चिऱ्याखाली काय आहे? बार्देशातल्या एका ११ केव्ही लाईनीचे प्रकरण

कामाच्या आदेशात महत्त्वाची ओळ एकच होती. गावातली ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, खांबांवरची ओव्हरहेड लाईन काढून सुमारे २.३ किलोमीटर भूमिगत केबल टाकायची आणि त्याच मार्गात इंटरनेटच्या फायबरसाठी दोन डक्ट, म्हणजे केबल आत सरकवायच्या नळ्या, ठेवायचे. मुदत ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५. मी कंत्राटदाराच्या बाजूने साइट इंजिनीयर होते. गावाचे नाव देत नाही. म्हापसा नदीच्या खाजनाला, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताला टेकलेला, बार्देशातला गाव, एवढे पुरे. मशीन नवे होते, केबल चांगली होती, माणसे कामाची होती. तरीही काम पुन्हा पुन्हा अडले, आणि बहुतेक वेळा कारण एकच होते: खाली काय आहे हे आम्हाला माहीत नव्हते, किंवा ज्याला माहीत होते त्याला आम्ही विचारले नव्हते.

जागा

गाव तीन पायऱ्यांवर बसला आहे. वर सडा, म्हणजे खडकाळ सपाट माळ. तिथे हातभर खाली चिरा लागतो, घाटावरचे लोक ज्याला जांभा म्हणतात तो. मधे उतार: घरे, गडगे (दगडी कुंपणे), माड, अरुंद रस्ता, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचे. तळाला खाजन. बांधावरून जाणारा रस्ता, एका अंगाला शेत, दुसऱ्या अंगाला खारे पाणी आणि मधे मानस, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारे लाकडी दाराचे झडप. एकाच कामात तीन प्रकारची जमीन. निविदेत मात्र दर एकच, ‘प्रति मीटर’.

भूमिगत केबलची मागणी गावाचीच होती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा इथे खांब आडवे झाले. त्या दिवसांची आठवण काढल्याशिवाय गावात विजेचा विषय सुरूच होत नाही. पण वादळ रोज येत नाही; रोजचा त्रास चुडतांचा. माडाची वाळकी चुडत तारांवर आडवी पडते, दोन फेज, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या तारा, जुळतात, फीडर (गावाला वीज आणणारी लाईन) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. पाऊस सुरू झाला की हे आठवड्यातून दोन-तीनदा. लाईनमन येतो, लांब काठीने चुडत काढतो, फीडर चालू करतो. पाच मिनिटांचे काम, पण ती चुडत कुठे आहे ते अंधारात, पावसात शोधायला कधी कधी दीड तास.

त्याच खांबांवर इंटरनेटवाल्यांच्या काळ्या केबली. गुंडाळ्या, डबे, लोंबणारी टोके. २०२० साली शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा गोव्यात कितीतरी मुले रेंजसाठी डोंगरावर चढून बसायची, आणि त्याच सुमारास टॉवर नको म्हणून गावांतून विरोधही होत होता. मग घरोघर फायबर पोचले ते ज्याला जसे जमले तसे, वीजखांबांवरून. लाईनमनला चढायचे तर आधी त्या जाळ्यातून वाट काढावी लागे. म्हणून आदेशात फायबरचे डक्ट आले. वीज आणि इंटरनेट एकदाच खाली जावे, रस्ता एकदाच फुटावा. कल्पना उत्तम.

नकाशा

कार्यालयातून मिळालेल्या नकाशात रस्त्याच्या डाव्या कडेने एक सरळ रेघ होती: जुनी एलटी केबल, म्हणजे घरांना वीज देणारी कमी दाबाची. रस्ता प्रत्यक्षात चार ठिकाणी वळतो, रेघ कुठेच वळत नव्हती. आपल्याकडे काम झाल्यावर ‘प्रत्यक्ष टाकल्याचा नकाशा’ द्यायचा असतो. बहुतेक वेळा निविदेतलाच नकाशा नवा शिक्का घेऊन परत येतो. मीही असे नकाशे दिलेले आहेत. तेव्हा तोंड वर करून बोलण्यात अर्थ नाही.

आम्ही जमिनीत रेडिओ लहरी सोडून खालचे दाखवणारे रडार आणले. लॉन कापायच्या मशीनसारखी ढकलगाडी, वर स्क्रीन. सड्यावर तिने बरे काम केले. उतारावर चित्र धूसर झाले. खाजनात काहीच दिसेना. कारण साधे आहे. माती जितकी चिकण आणि खारट-ओली, तितकी ती वीज वाहून नेते, आणि विद्युतवाहक माती या लहरी खाऊन टाकते. रडार विकणारा हे सांगत नाही असे नाही, तो बारीक अक्षरात सांगतो.

‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला सुरू केले. खोदणाऱ्याने जागा कळवायची आणि खाली ज्यांची केबल किंवा पाइप आहे त्यांनी उत्तर द्यायचे. ॲप आणताना सरकारने दिलेला अंदाज असा, की न सांगता खोदल्यामुळे देशात वर्षाला सुमारे १० लाख ठिकाणी केबली तुटतात आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते. आम्ही रीतसर नोंद केली. टेलिफोनच्या बाजूने दोन दिवसांत उत्तर आले, जुनी तांब्याची केबल कुठून जाते त्याच्या खुणांसह. एका खात्याचे उत्तर आलेच नाही. त्याचा हिशेब पुढे झाला.

मग कोणीतरी म्हणाले, काकांना विचारा.

काका म्हणजे निवृत्त लाईनमन. याच गावात तीस वर्षांहून जास्त नोकरी. आमचे बोलणे अर्थात कोकणीत झाले, इथे मराठीत लिहिते आहे. सकाळी सातला ते चुन्याची पिशवी घेऊन आले. हातात छत्री, पाऊस नसताना. छत्रीच्या टोकाने दाखवत निघाले: “इथून केबल जाते. इथे नाही, इथे. हा फणस तेव्हा लहान होता, त्याला वळसा घातला.” फणस आता तिथे नव्हता, नुसता बुंधा होता, तोही गवतात. “इथे सांधा आहे. पायऱ्यांपासून सात पावले. दोनदा जळला. बाय, लिहून घे.” मी लिहून घेत होते, माझा सहकारी आरटीके जीपीएसचा, म्हणजे जागा अगदी अचूक मोजणारा, दांडा टेकवून प्रत्येक खूण नोंदवत होता. मी विचारले, पाण्याची पाइप कुठून जाते? काका थांबले. “पाण्याचे मला काय विचारतेस? मी विजेचा माणूस.”

त्या उत्तरावर मी तेव्हा हसले होते.

परवानग्या

यावर फार लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे पाठ असेल. रस्ता फोडायला सार्वजनिक बांधकाम खाते, गावातल्या वाटांना पंचायत, एका तुकड्याला कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, कारण जमीन तिची, खाजनाला किनारी नियमनाचा सवाल. पाच अर्ज, पाच नमुने, प्रत्येकाला नकाशा वेगळ्या मापात हवा. फायबरच्या परवानगीचे नियम कामाच्या मधेच बदलले: २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे मार्गाधिकाराचे (केबल टाकायला जागा वापरण्याच्या परवानगीचे) नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. डिसेंबरात दिलेला अर्ज जुन्या नियमाचा की नव्या, यावर दोन आठवडे गेले. त्या कायद्यात सामाईक डक्ट आणि केबल-मार्गिकेची तरतूद आहे, म्हणजे आम्ही करत होतो तेच. पण तरतूद दूरसंचाराच्या कायद्यात आणि आमचा चर विजेचा. एकाच खड्ड्यासाठी दोन टेबले, आणि दोन्हीकडे “आधी त्यांचे आणा”. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने दोन्ही फायली एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हाती, वरच्या मजल्यावर पाठवल्या. सुधारणा म्हणून त्याला काय नाव द्यायचे कोण जाणे, पण काम त्याने झाले.

चिरा

सड्यावर आम्ही चर खोदला. ११ केव्हीच्या केबलला भारतीय मानक ०.९ मीटर खोली सांगते, आणि टेलिफोनच्या केबलपासून किमान ०.३ मीटर अंतर. तळाला वाळू, तीन-कोअर ३०० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची एक्सएलपीई (एक प्रकारच्या प्लास्टिकचे इन्सुलेशन असलेली) केबल, वाळू, सिमेंटच्या फरश्या, बाजूला अंतर राखून ४० मिलिमीटरचे दोन डक्ट, वर धोक्याची पट्टी. चिरा फोडायला ब्रेकर लागला. आवाज खूप, अडचण काही नाही.

उतारावर रस्ता फोडायचा नाही असा पंचायतीचा आग्रह, तो बरोबरही होता. तिथे आडवे ड्रिलिंग. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी: मशीन रस्त्याच्या कडेला तिरके उभे राहते, रॉडला रॉड जोडत जमिनीत घुसते, ठरलेल्या जागी दुसऱ्या खड्ड्यात बाहेर येते. मग रीमर लावून भोक मोठे करायचे आणि परत येताना पाइप ओढून आणायचा. रॉडच्या टोकात एक ट्रान्समीटर असतो, त्याला सोंड म्हणतात. हत्तीशी संबंध नाही, शब्द बाहेरून आला आणि आपल्याकडे चपखल बसला. वर रस्त्यावर एकजण लोकेटर घेऊन चालतो आणि सोंड कुठे आहे, किती खोल आहे, डोके कुठे वळले आहे ते ओरडून सांगतो. “एक मीटर साठ! बारा वाजता!” म्हणजे घड्याळातल्या बारासारखे डोके वर.

चिऱ्याची खोड अशी की तो वर कठीण आणि खाली मऊ. कठीण थराच्या खाली पांढरट-गुलाबी लोण्यासारखी माती असते. डोके मऊ मातीतून सरळ जाते, मधेच कठीण गाठ लागली की घसरते. मऊ मातीचा अनुभव असलेला ऑपरेटर इथे फसतो. आमचा ऑपरेटर पहिल्या दोन बोअरला चुकला, तिसऱ्यापासून त्याला नाद कळला. रॉडच्या थरथरीवरून तो सांगायचा, आता गाठ येणार.

पाचवा बोअर. लोकेटर १.८ मीटर खोली दाखवत होता. शेजारून चालू एलटी केबल जात होती. चालू विजेच्या केबलीजवळ लोकेटर खोटे बोलू शकतो हे पुस्तकात असते. खटकन आवाज नाही, धक्का नाही. फक्त समोरच्या घराच्या पायरीखालून पाणी यायला लागले, आधी पाझर, मग धार. पाण्याची मुख्य पाइप. उत्तर न आलेल्या खात्याची. खोली खरी १.१ मीटरच्या आसपास होती.

सकाळचे नऊ. वाड्यावरच्या चाळीसेक घरांचे नळ बंद. आम्ही टँकर मागवला, मी स्वतः घरोघर जाऊन माफी मागितली. एका आजीने कळशी पुढे केली आणि म्हणाली, “माफी राहू दे, ही भरून आण.” आणली. पाइप संध्याकाळी जोडली गेली. पण त्या दिवशी मी अंदाजपत्रक परत उघडले. हाताने खणायचे चाचणी-खड्डे, म्हणजे ड्रिल जाणार त्या वाटेवर मधे मधे फावड्याने खाली पाहायचे, यासाठी त्यात सहा नग धरले होते. संपूर्ण उतारासाठी सहा. पैसे वाचवायचे म्हटले की पहिली कात्री इथेच लागते, कारण खड्डा खणून बुजवला की दाखवायला काही उरत नाही. त्यानंतर आम्ही दर वीस मीटरवर खड्डा घेतला. दोन मजूर, पहार, फावडे. रोज एक बोअर व्हायचा तो दोन दिवसांवर गेला. नंतर एकही पाइप फुटली नाही.

खाजन

खरे प्रकरण इथे घडले.

आराखड्यात बांधाखालून एकच लांब बोअर होता: चिखलाखालून साडेतीन मीटर खोल, मानशीच्या पलीकडे बाहेर. कागदावर सुंदर. ड्रिल करताना रॉडमधून बेंटोनाइट मातीचा रबडा दाबाने सोडतात. तो टोक थंड ठेवतो, भोक धरून ठेवतो, कापलेली माती बाहेर आणतो. चिखलात वरचे वजन कमी असते. दाब जरा जास्त झाला की रबडा सोपी वाट शोधतो. आणि खाजनाच्या बांधात सोप्या वाटांची कमी नाही: कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची बिळे. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, बांध फुटतो तो समुद्राने नव्हे, कुर्ल्यांनी.

ओहोटी होती. मानशीच्या जवळ उथळ पाण्यात राखाडी ढग उठला. आधी कोणाच्या लक्षात आला तो आमच्या नव्हे, जाळे टाकून बसलेल्या एका माणसाच्या. त्याने हाक मारली. आम्ही पंप बंद केला, वाळूच्या गोण्या टाकून जागा अडवली, रबडा उपसून टँकरमध्ये भरला. बेंटोनाइट विषारी नाही. पण बारीक माती माशांच्या कल्ल्यांत बसते, तळावर थर होतो, आणि मानशीवरचे मासे-सुंगटे (कोळंबी) धरायचा हक्क लिलावाने घेतलेला असतो. ज्याने पैसे मोजले आहेत त्याला “विषारी नाही” हे ऐकून काय करायचे?

येणाऱ्या रविवारी ग्रामसभा. मी गेले. कंपनीतून सल्ला होता की जाऊ नकोस, वीज खाते उत्तर देईल. गोव्यात २०२० नंतर वीजवाहिनीच्या कामावर कोणी असा सल्ला द्यावा याचे नवल वाटते. मोलेच्या जंगलातून ४०० केव्हीची लाईन नेण्यावरून केवढे आंदोलन झाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. तिथला प्रश्न आमच्यापेक्षा हजारपट मोठा होता, पण लोकांचा मूळ सवाल तोच: आम्हाला आधी का नाही विचारले?

सभेत आरडाओरडा झाला, तो व्हायचाच. पण मला आठवतो तो एका शेतकरीण बाईचा प्रश्न. त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या मशीनला बांध कुठे पोकळ आहे ते कळते का?” मी म्हटले, नाही. “आम्हाला कळते. तुम्ही विचारले असते तर दाखवले असते.” आणि त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाखवलेही. बांधावरून चालत पायाने ठोकून: इथे पक्का, इथे पोकळ, इथे मागच्या साली चिरे घालून बुजवला. आम्ही पुन्हा बोअर करू शकलो असतो, दाब कमी ठेवून, मधे दाब सोडायचे खड्डे घेऊन. तांत्रिकदृष्ट्या जमले असते. पण समजा केबल गेली आणि पाच वर्षांनी तिथे बिघाड झाला, तर बांध खणून कोण दुरुस्त करणार? भरतीच्या वेळी? माझे मत झाले की इथे खाली जाऊच नये.

आम्ही पर्याय दिला: बांधावरच्या साधारण १८० मीटरमध्ये ओव्हरहेडच, पण उघड्या तारा नव्हेत. ११ केव्हीची एरियल बंच केबल, म्हणजे तिन्ही फेज इन्सुलेशनसह एकत्र पिळलेले. खाजनात माड नाहीत, त्यामुळे चुडतांचा प्रश्न तसाही नाही. फायबरसाठी त्याच खांबांवर धातू नसलेली, स्वतःचे वजन पेलणारी केबल. जमिनीतून वर चढते आणि परत खाली उतरते त्या दोन्ही टोकांना लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेचा जादा झटका जमिनीत सोडणारे उपकरण, कारण वीज पडली तर उठलेली लाट ओव्हरहेडवरून भूमिगत केबलीत शिरते तिथेच इन्सुलेशन फोडते.

वीज खात्याचा आक्षेप सरळ होता. मंजुरी भूमिगत कामाला आहे, यात ओव्हरहेड कसे? “आधुनिकीकरणाच्या कामात परत खांब?” असे एका बैठकीत विचारले गेले. बदलाला मंजुरी यायला सात आठवडे गेले. माझ्या लेखी या पूर्ण कामातला सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता, आणि कामाच्या उद्घाटनाच्या फलकावर त्याचा उल्लेख नाही.

सांधा क्रमांक ५

सात आठवडे गेले म्हणजे मे उजाडला. पावसाळ्यात रस्ता फोडायला मिळत नाही, म्हणून गोव्यातल्या प्रत्येक साइटवर मे महिना म्हणजे परीक्षेची आदली रात्र. २०२५ मध्ये तर विसाव्या तारखेपासूनच पाऊस झोडपू लागला आणि मान्सूनही मेच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन थडकला. आमचा एक सांधा बाकी होता.

केबलचा सांधा करणे हे या सगळ्या उद्योगातले सगळ्यात हातचे काम. केबल ड्रमवर जेवढी येते तेवढीच लांब, मग पुढची तिला जोडायची. जॉइंटर बाहेरचे आवरण कापतो, पोलादी कवच, मग तांब्याची पट्टी, मग काळा अर्धवाहक थर. हा थर सोलताना सुरी आतल्या पांढऱ्या इन्सुलेशनला लागली, नखाएवढा जरी चरा पडला, तरी तिथे पुढे कधीतरी स्पार्क होणार. मग पुसायचे, तेही एकाच दिशेने, पांढऱ्याकडून काळ्याकडे. उलटे पुसले तर काळी कणी पांढऱ्यावर येते. मग हीट श्रिंकच्या, म्हणजे उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या, गॅसच्या ज्योतीने मधून बाहेर आवळत, हवा आत राहू न देता. दोन-अडीच तासांत बोलायचे नाही.

सांधा ५ आम्ही निळ्या ताडपत्रीखाली केला. बाहेर धो-धो. जॉइंटर म्हणाला, “मॅडम, आज नको.” मी म्हटले, उद्या खड्डा राहणार नाही. त्याने केला. ०.१ हर्ट्झच्या कमी वारंवारितेच्या चाचणीत पास झाला. लाईन चालू झाली.

फायबर त्याआधीच गेले होते, आणि ते पाहणे हा सुखाचा भाग. डक्टच्या आत गुळगुळीत थर असतो. कॉम्प्रेसर हवा सोडतो आणि केबल हवेवर तरंगत मिनिटाला तीस-चाळीस मीटर धावते. एका तुकड्यात तोटा मात्र जास्त येत होता. ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तोटा कुठे होतो ते दाखवणारे यंत्र, लावला: १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला जवळजवळ काही नाही, १५५० ला ठळक पायरी. सांधा खराब असेल तर दोन्हीकडे सारखे दिसते. लांब तरंगलांबीलाच त्रास म्हणजे फायबर कुठेतरी वाकले आहे. चेंबर उघडला तर जादा गुंडाळी कोणीतरी प्लास्टिकच्या टायने करकचून बांधलेली. टाय कापला, पायरी गेली. वीजवाल्यांना घट्ट बांधायची सवय, फायबरला ती मानवत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. लाईन चालू झाली, तारा काढल्या, पण खांब काढता येईनात. कारण इंटरनेटवाल्यांपैकी एकच जण डक्टमध्ये आला, बाकीच्यांच्या केबली अजून खांबांवर. वीज जमिनीखाली गेली आणि तिचे खांब निव्वळ इंटरनेटसाठी उभे राहिले. हे लिहीपर्यंत उतारावरचे काही उभेच आहेत.

जुलैत, रात्री अकराच्या सुमारास, फीडर ट्रिप झाला. उघड्या तारांवर बिघाड डोळ्यांनी दिसतो, जमिनीखालचा दिसत नाही. भूमिगत केबलचे हेच आहे, बिघाड क्वचित, पण झाला की लांबतो. म्हणूनच लाईन दोन्ही टोकांनी जोडून मधे रिंग मेन युनिटे, म्हणजे लाईनीचा तुकडा बाजूला काढता येईल अशा स्विचच्या पेट्या, बसवली होती. युनिट दोन आणि तीनच्या मधला तुकडा बाजूला काढला, उरलेल्या गावाला दुसऱ्या अंगाने वीज दिली. चाळीस मिनिटांत सगळ्या घरांत दिवे. तुटलेला तुकडा मात्र तसाच पडला होता.

सकाळी बिघाड शोधायची गाडी आली. मोजणीने सांगितले, युनिटापासून ४१२ मीटर. नोंदवहीत सांधा ५ होता ४०९ मीटरवर. मी फोन काढून नकाशातल्या निळ्या ठिपक्यामागे निघाले, पण झाडांखाली, पावसात, फोन मला पाच-सहा मीटर भलतीकडे गडग्यात नेत होता. आरटीकेचा दांडा त्या दिवशी दुसऱ्या साइटवर. काका छत्री घेऊन उभे होते, या वेळी उघडलेली. त्यांच्या आग्रहाने नोंदवहीत अक्षांश-रेखांशाच्या पुढे एक शेऱ्याचा रकाना आम्ही ठेवला होता. त्यात माझ्याच अक्षरात होते: “तुळशीच्या पायऱ्यांपासून रस्त्याकडे अकरा पावले.” काकांनी अकरा पावले मोजली. गाडीने केबलमध्ये उच्च दाबाच्या विजेचा झटका सोडला तेव्हा त्यांच्या पायाखाली जमिनीतून ठप् असा आवाज आला.

पाऊस थांबत नव्हता, खणायला परवानगी मिळून चौथ्या दिवशी खड्डा उघडला. जॉइंटर तोच. त्याने आवरण कापले तेव्हा आतून पाणी निथळले, चमचाभर असेल, आणि खाली एक काळी रेघ. तो बराच वेळ ती रेघ बघत बसला.

“हा माझाच,” तो म्हणाला.

मी म्हटले, नाही, माझा.

ताडपत्री बांधली, या वेळी दोन पदरी, आणि तो सोलायला बसला. नोंदवहीत मी लिहिले: सांधा ५, दुसऱ्यांदा. पुढे तारीख, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘पहिला सांधा पावसात केला होता’.